एकोणीस पाहुण्यांचा अर्ज

१४ सप्टेंबर, रविवार

ऑफिसने जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. विमा कंपनीत एकवीस वर्षं लोकांच्या नुकसानीचे दावे तपासतोय, घरी येऊन पुन्हा लिहायचा कंटाळा येतो. पण आजचं कुणाला तरी सांगायला हवं आणि सुजाताला सांगितलं तर ती हसेल. बायको हसली की विषय संपतो.

आई गुरुवारी आली. सहा महिने न्यूझीलंडला, प्रितीकडे होती. प्रिती माझी धाकटी बहीण. हॅमिल्टन नावाच्या शहरात वृद्धांच्या इस्पितळात नर्स आहे. आई गेली तेव्हा आम्ही नायगावला भाड्याच्या खोलीत होतो. परळच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहत होता. एप्रिलमध्ये चावी मिळाली. सतरावा मजला, दोन बेडरूम, दोन संडास, तेही घरात. सत्तर वर्षं आमच्या घराण्याने रांगेत डबा घेऊन काढली. मला वाटलं होतं आई दारातच थबकेल, डोळ्याला पदर लावेल.

तिने घर बघितलं. नळ उघडून बंद केला. "छान झालं रे," म्हणाली. मग विचारलं, "समोर कोण आलंय राहायला?"

मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून चार दिवस नुसतं 'तिथे' चाललंय. आज जेवताना मी मोजलं. वरण संपेपर्यंत अकरा वेळा. तिथे मॉरीन म्हणून शेजारची म्हातारी आहे, ती कुंपणावरून लिंबं देते. तिथे बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. तिथे वाचनालयातल्या मुलीला आईचं नाव पाठ आहे, "मीरा" म्हणून हाक मारते. तिथे दर शुक्रवारी फिलिपिनो नर्सच्या आया आणि ही मिळून स्वयंपाक करतात, एकमेकींची भाषा न कळता.

थोडक्यात, तिथे शिस्त आहे, शांतता आहे, स्वच्छता आहे. इथे काही नाही. पोरगा सतराव्या मजल्यावर घर देतो आणि आई लिंबांचं कौतुक सांगते!

२८ सप्टेंबर, रविवार

आज आईला समुद्राकडचा नवा रस्ता दाखवायला नेलं. टॅक्सी केली, काचा वर, एसी चालू. "बघ, आपल्याकडेही झालंय की नाही?" म्हटलं.

"हो ना," आई म्हणाली आणि टॅक्सीवाल्याला गाव विचारू लागली. तो आजमगढचा निघाला. त्याच्या आईला मोतीबिंदू आहे. हाजीअली येईस्तोवर मोतीबिंदू चालला होता. समुद्राकडे कुणी बघितलंच नाही.

घरी येऊन तिने प्रितीला फोन लावला आणि काय सांगितलं, तर आजमगढच्या म्हातारीचा मोतीबिंदू. रस्त्याचा एक शब्द नाही. दोघी खूप हसल्या. आई माझ्याशी बोलताना अशी हसत नाही. सगळं खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीची सभा. मला सचिव केलं. दुसरं कुणी तयार नव्हतं हे खरं, पण माझं ड्राफ्टिंग चांगलं आहे हेही सगळ्यांना माहीत आहे.

मी तयारीने गेलो होतो. प्रितीच्या गल्लीचे फोटो फोनमध्ये होते. एकही चप्पल बाहेर नाही, कुंपणावर कपडे नाहीत, रस्त्यात माणूस नाही. अध्यक्ष परबांना दाखवले. परब बँकेतून निवृत्त झालेत, फोटो मोठा करून बघत म्हणाले, "सुंदर. स्मशानासारखं शांत."

नियमावली मीच वाचली. चपला दाराबाहेर ठेवू नयेत. पॅसेजमध्ये बसू नये. येणाऱ्याची नोंद गेटवरच्या अ‍ॅपमध्ये व्हावी आणि घरच्यांनी फोनवर मंजूर केल्याशिवाय लिफ्ट मिळू नये. चारपेक्षा जास्त पाहुणे मुक्कामाला असतील तर सचिवाकडे छापील अर्ज.

जुन्या चाळीतले कोंडीराम तांबे मागून ओरडले, "विक्या, तुझं बारसं गॅलरीत झालं ना रे? पाहुण्यांचा अर्ज कुणी भरला होता?"

सगळे हसले. मीही हसलो. नियम मात्र मंजूर झाले.

घरी येऊन आईला वाचून दाखवले. म्हटलं, "आता बघ, सहा महिन्यांत हॅमिल्टन करून टाकतो."

आई मेथी निवडत होती. "हॅमिल्टनमध्ये कुठे असं आहे?" म्हणाली.

तिला वाटतं मला काही माहीत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रितीचा व्हिडिओ कॉल. आता आईवडिलांसाठी पाच वर्षांचा व्हिसा निघतो. कागद तिने पाठवले आहेत, आईची सही तेवढी हवी. पाच वर्षं! आई एकाहत्तर वर्षांची आहे.

"दादा, तुझं बरंय यार," प्रिती म्हणाली. "आयुष्यभर आई तुझ्याकडेच. माझ्या वाटणीला काय आलं? पार्सलचे लाडू."

ही टोमणे मारण्यात पहिल्यापासून हुशार. मागे हिरवळ, त्यावर तिचा नील अनवाणी धावतोय, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि म्हणे माझं बरंय! आमच्या लेकीला, मनूला, बारावीच्या क्लासला जायला पाऊण तास लागतो, आल्यावर नाक शिंकरलं की रुमाल काळा. कोणी कोणाचा हेवा करायचा याला काही प्रमाण?

फोन ठेवल्यावर आईला विचारलं, "सही करणार?"

"डिसेंबर होऊ दे," आई म्हणाली. "सहा डिसेंबरची माणसं येऊन जाऊ देत. मग बघू."

ती माणसं माझ्या डोक्यातूनच गेली होती.

९ नोव्हेंबर, रविवार

बुधाजींचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला.

बुधाजी आमचे नातेवाईक नाहीत. वाशीम जिल्ह्यातले शेतकरी. माझ्या जन्माच्याही आधी सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत ते तापाने फणफणून खाली बसले. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या मागेच उभे होते. त्यांना खांद्यावर टाकून चाळीत घेऊन आले. तेव्हापासून बुधाजी दरवर्षी आमच्याकडे उतरतात. आधी नवराबायको, मग भाऊ, मग भावकी, मग अर्धी वस्ती. खोलीत बायका, गॅलरीत पुरुष, जिन्यावर पोरं. अख्खा मजला भाकऱ्या थापायचा. अण्णा गेले तरी खंड पडला नाही. नायगावच्या एका खोलीतही एकोणीस माणसं झोपली होती. मी ऑफिसच्या बॅगेवर डोकं ठेवून मोरीच्या उंबऱ्याशी.

"जय भीम, विकासभाऊ. यंदा बी एकोणीस हाओत. चार तारखेला पोचतो. मीरामाय आली ना इमानातून? तिले पाह्याचं हाय आमाले."

मी सचिव आहे. नियम होऊन महिना झाला नाही. परब काय म्हणतील, समोरचे (आडनाव अजून कळलं नाही) काय म्हणतील, आणि आईने हे प्रितीला सांगितलं की प्रिती हसून काय म्हणेल, ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "बुधाजीकाका, नवीन जागेत जरा अडचण आहे. शिवाजी पार्कवर मंडपाची सोय आता फार चांगली असते. पाणी, डॉक्टर, सगळं."

ते म्हणाले, "हाव हाव, काई नाई भाऊ. पार्कात लई सोय हाय. तुमी जीवाले लावून घेऊ नका."

इतक्या सहज मिटलं. मीच उगाच घाबरत होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज ऑफिसला सुट्टी. आईने माळ्यावरून मोठं पातेलं काढायला लावलं. सतरंज्या पलंगावर पसरून, कुठे उसवल्यात ते बघत बसली. "सोफा भिंतीला उभा केला तर हॉलमध्ये बारा माणसं मावतील," म्हणाली. "प्रितीचा हॉल एवढासा आहे."

आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं ते असं: बुधाजींना दमा उचललाय, यंदा त्यांच्यापैकी कुणीच येत नाही.

मला खोटं बोलायची सवय नाही. दाव्यांमध्ये दुसऱ्याचं खोटं मी दोन ओळींत ओळखतो. आईने ओळखलं नाही. नुसती म्हणाली, "त्यांच्या सुनेचा फोन लागतो का बघू? वाफारा घ्यायला सांगते." मी म्हटलं, तिकडे रेंज नसते. सतरंज्या तिने पुन्हा घड्या घालून ठेवल्या. पातेलं मात्र खालीच ठेवलं, ओट्याशेजारी.

सुजाता माझ्याकडे बघत होती. तिला हसू आलेलं नव्हतं.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षीप्रमाणे सकाळी सगळे निघालो. आई, सुजाता, मनू, मी. पांढरे कपडे. परळहून दादरपर्यंत चालतच, रांगेत साडेचार तास. आईला म्हटलं, ज्येष्ठांची वेगळी रांग आहे. नाही म्हणाली.

दर्शन घेऊन शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर आलो. एवढ्या लाखांच्या गर्दीत एकोणीस माणसं दिसतील असं कुणाला वाटेल? मी निर्धास्त होतो. मनूला व्याकरणाचं पुस्तक घेत होतो आणि मागून हाक आली, "मीरामाय!"

बुधाजी. खांद्यावर गोणपाटाची पिशवी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. दमाबिमा काही नाही, माझ्याहून जोरात चालत आले आणि आईच्या पाया पडायला वाकले. ते आईहून मोठे आहेत. आईने त्यांना धरून उभं केलं.

"तुम्हाला दमा होता ना?"

"मले?" बुधाजी हसले. "मले कायचा दमा? विकासभाऊंनं सांगितलं, नव्या घरात जागेची अडचण हाय. म्या म्हटलं, असू द्या. हे बघ, तुह्या वाट्याची तूर. पार्कात भेटसीनच, म्हणून परवापासून सोबतच घेऊन हिंडतो."

त्यांनी तक्रार केली नाही. एका शब्दाने नाही. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ वाळले बाप्पा. मुंबईचं पाणी बरं नाई."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी घेतली, मला म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे यांच्यात."

"किती वाजता न्यायला येऊ?"

"उद्या."

मनूही तिच्याबरोबर राहिली. "क्लास बुडेल," मी म्हटलं. "बुडू दे ना, पप्पा," म्हणाली. तिच्या आवाजात थेट प्रितीचा आवाज होता.

घरी आम्ही दोघंच. दोन बेडरूम, दोन संडास. कुठूनही आवाज नाही. मला हवी होती तशी शांतता.

फॅमिली ग्रुपवर प्रितीचा फोटो आलाय. तिच्या घराचं दार, आतला चिंचोळा पॅसेज आणि जमिनीवर बूट, सँडल, चपला, एकमेकांवर चढलेल्या. खाली लिहिलंय: 'ऑकलंड, वेलिंग्टन सगळीकडून नर्स मुली आल्यात. वंदना झाली. सोळा जणी मुक्कामाला. नील बाथटबमध्ये झोपलाय! अण्णांची आठवण. दादा, बुधाजीकाका पोचले का? त्यांचा फोटो पाठव ना.'

तो फोटो मी कितीदा बघितला. तिच्या हिरवळीचा हेवा केला, आभाळाचा केला, बसचा केला. त्या चपलांचा करावा लागेल असं वाटलं नव्हतं. ती आमची पद्धत आहे. आमच्या गॅलरीतली, आमच्या जिन्यावरची. ती घेऊन गेली कधी? मला विचारलं पण नाही.

उत्तर दिलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी एकच्या सुमारास फोन वाजला. गेटचं अ‍ॅप. स्क्रीनवर आलं: 'पाहुणे: मीराबाई, अधिक एक. फ्लॅट १७०३. मंजूर / नामंजूर.'

मी खाली धावलो. लिफ्टला वेळ लागला. गेटवर आई खुर्चीत बसलेली, मांडीवर तुरीची पिशवी, बाजूला मनू. वॉचमन घामाघूम. "साब, मैं बोला माताजी आप तो यहीं रहती हो. मानती नहीं. बोलती है एंट्री करो, सचिवसाब के यहाँ जाना है, पूछो आने देंगे क्या."

"आई, चल."

"मंजूर केलंस का?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत ना. फोनवर बोट ठेव, मग येते. नियम आहे."

कोंडीराम तांबे तेवढ्यात दूध घेऊन आले होते. ते सगळं ऐकत उभे. मी फोन काढला आणि 'मंजूर'वर बोट ठेवलं. आई उठली, वॉचमनला थँक्यू म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

घरात आल्यावर मी बोलायला सुरुवात केली. नियम सगळ्यांसाठी, मी सचिव, माझंच घर नियम मोडायला लागलं तर कोण पाळणार. आईने तूर डब्यात ओतली. "तुझ्या अण्णांनी बुधाजीला आणलं तेव्हा तू पोटात होतास," म्हणाली. "मला उलट्या व्हायच्या. खोलीत आधीच सात माणसं. मी चिडले होते रे. म्हटलं, ह्याला कुठे ठेवू?"

"मग?"

"मग काय. ठेवला."

१४ डिसेंबर, रविवार

आईने सही केली. जानेवारीच्या शेवटी जाईन म्हणते.

मी म्हटलं, "असं काय आहे तिथे? सांग मला. एकेक सांग. इथे डॉक्टर खाली आहे, बाजार खाली आहे, तुझी भाषा आहे, मी आहे."

"मॉरीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे फेब्रुवारीत," आई म्हणाली. "तिला मी सूप करून देईन म्हटलंय."

एका गोऱ्या म्हातारीच्या गुडघ्यासाठी! माझे गुडघे दोन वर्षं दुखतायत. तसं म्हटलं तर आई म्हणाली, "तू कधी सांगितलंस?"

प्रितीने विचारलंय, परतीचं तिकीट कधीचं काढू की तारीख मोकळी ठेवू? आई म्हणाली, "मोकळी ठेव. सहा डिसेंबरला माणसं कुठे उतरणार ते कळलं की सांगते." फोन स्पीकरवर होता. मी तिथेच बसलो होतो, पेपर धरून.

प्रिती म्हणाली, "म्हणजे काय? घरीच ना?"

"कळलं की सांगते म्हटलं ना," आई म्हणाली. तिने माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

२० डिसेंबर, शनिवार

समोरच्यांचं आडनाव साळसकर. आईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं म्हणे. त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे. आज आईने मेथीचे लाडू देऊन मला पाठवलं. दार उघडल्यावर साळसकर दचकलेच. "काय झालं, सचिवसाहेब? चपला आतच आहेत आमच्या."

२१ डिसेंबर, रविवार

आज सकाळी पाहुण्यांचा छापील अर्ज काढला. मीच तयार केलेला. अजून कुणी भरला नव्हता, पहिलाच.

रहिवाशाचं नाव: स्वतःचं लिहिलं. पाहुण्यांची संख्या: एकोणीस. तारीख: पुढच्या वर्षीची, चार ते सात डिसेंबर. नात्याच्या रकान्यात मी तीन पर्याय छापले होते: रक्ताचे, लग्नाचे, व्यावसायिक. तिथे बराच वेळ पेन थांबलं. आई ओट्यापाशी होती. विचारलं, "बुधाजी आपले कोण लागतात?"

"तूच लिही. फॉर्म तुझा आहे."

तिन्ही पर्याय खोडले आणि बाजूला लिहिलं: 'आमचे'. वकील म्हणेल हे कायद्यात बसत नाही. बघू.

अर्ज घेऊन परबांकडे गेलो, कारण सचिवाचाच अर्ज असेल तर अध्यक्षाची सही हवी असंही मीच लिहून ठेवलंय. परबांनी चष्मा लावला. "अहो, एक वर्ष आधी?"

"हो."

"एकोणीस? आणि झोपणार कुठे?"

"बारा हॉलमध्ये. सोफा उभा करायचा. बाकीचे..." मी अडखळलो. मागे कोंडीराम तांबे दूध घेऊन उभेच. हा माणूस दिवसातून किती वेळा दूध आणतो?

"तीन माझ्याकडे टाक," तांबे म्हणाले. "दोन साळसकरांना विचार, आता लाडू खाल्लेत त्यांनी. उरले किती?"

परबांनी सही केली. "पॅसेजमध्ये कुणी झोपणार नाही ना?" विचारलं. मी म्हटलं, नियम बदलावा लागेल, पुढच्या सभेत मांडतो.

मग बुधाजींना फोन केला. माफी मागायची वाक्यं तयार केली होती, पण त्यांनी मधेच विचारलं, "तूर शिजते का बरोबर? यंदा पाणी कमी होतं." शिजते म्हटलं. पुढच्या वर्षी घरीच या म्हटलं. "हाव," म्हणाले, जसं काही वेगळं ठरलंच नव्हतं.

अर्जाचा फोटो आईला दाखवला. तिने चष्म्याशिवाय, हात लांब करून वाचला. 'आमचे'वर बोट ठेवलं, मग फोन परत दिला. "मीठ बघ वरणात," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी प्रितीचा मेसेज आला. तिथली मध्यरात्र उलटून गेलेली, ड्यूटीवर असणार. 'दादा, आईने आत्ता फोन करून परतीची तारीख दिली. पुढच्या वर्षीची दोन डिसेंबर. मी म्हटलं अगं, व्हिसा पाच वर्षांचा आहे, माझ्याकडच्या मुली पण येतील, या वेळी आपण इथे मिळून करू. तर म्हणे नाही, माझी माणसं परळला येणारेत. काय केलंस तू?' पुढे रडक्या तोंडाचं चित्र.

मी लिहिलं, 'काही नाही. एक फॉर्म भरला.'

तिला वाईट वाटलं असणार. प्रिती लहानपणी रुसायची तेव्हा मी माझ्यातला अर्धा पेरू द्यायचो. आज दिला नाही. दहा-साडेदहा महिने आई तिच्याकडेच राहणार आहे, मॉरीनला सूप मिळणार आहे, हिरवळ, लिंबं, आभाळ, सगळं तिचंच आहे. पण दोन डिसेंबर माझा आहे. तिने पुन्हा लिहिलं, 'लकी आहेस तू.' मी ते दोनदा वाचलं, सुजाताला दाखवलं, आणि झोपायला जाण्याआधी आणखी एकदा वाचलं.